चारशे अठराचं बटण

नागापूर, नगर
बुधवार, दुपार

प्रिय मोनिका,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, घर जागच्या जागी आहे, गॅसची टाकी परवाच बदलली. आपल्या कटिंगच्या कल्याणचा मेहुणा उद्या सकाळी जीप घेऊन राजूरला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. फोन का केला नाही म्हणशील. तुझ्या माहेरी फोन लागला तर अर्धं वाक्य डोंगर खातो आणि उरलेलं अर्धं तुझी आई ऐकते. आणि खरं सांगू का, काल दोनदा लावला होता. दोन्ही वेळा तू 'बोला' म्हणालीस आणि मी 'संस्कृती जेवली का' एवढं विचारून ठेवून दिला. जे सांगायचंय ते तोंडातून निघत नाही. लिहिताना निदान तुझा चेहरा समोर नसतो.

आधी घाईचं सांगतो. शनिवारपर्यंत तुला कंपनीला लिहून द्यायचंय, की चारशे अठरा नंबरच्या हीटच्या वेळी, भट्टीच्या त्या घाण्याला, नमुना तुझ्या हातून बदलला गेला. तो कागद पुण्याच्या पार्टीकडे जाणार, त्यांच्या यादीतून तुझं नाव कटणार, आणि पुन्हा कुठल्या रिपोर्टवर तुझी सही चालणार नाही. तू तो कागद लिहूनसुद्धा ठेवला असशील, तुझ्या गोल गोल अक्षरात, समास सोडून. तो पोस्टात टाकू नकोस. भाताची आवणी चालू असेल, चिखलातून वर आल्यावर हातपाय धू, चहा घे, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच फाडायचं मन होईल. फाडू नकोस.

मोनिका, मी तुझ्यावर जळतो. आजकाल नाही, गेली सहा वर्षं जळतोय. तुला वाटत असेल तुझ्या लॅबच्या सुमंत साहेबांवरनं. सगळ्या कंपनीला तेच वाटतं. कल्याण तर मुद्दाम येऊन सांगायचा, "बिभीषणराव, वहिनी आन् साहेब मशीनपाशी लई येळ हुते बरं का आज." मी दात ओठ खायचो, पार नाटक करायचो. कारण बायकोपायी दुसऱ्या पुरुषावर जळलेलं कुठंही खपतं. चार माणसं पाठीवर हात ठेवतात, एखादा चहा पाजतो. पण बायकोच्या कामावर जळणारा नवरा म्हटल्यावर लोक दात काढतील, आणि मला हसलेलं सोसत नाही हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? बिचारे सुमंत साहेब! चार वाजले की शुगरची गोळी घेणारा माणूस, त्यांना मी फुकट माझ्या संसारातला व्हिलन करून ठेवला. ते काय घेऊन जाणार होते माझं? जे गेलं ते तू नेलंस.

तुला कामाला मीच लावलं, हे मी अकरा वर्षांत किती वेळा ऐकवलं असेल? संगमनेरहून बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली पोरगी, पण जागा होती फक्त मेणाच्या खोलीत, तर तू गुमान तिथं बसलीस. ब्लेडनं पंपांच्या मेणाच्या पंख्यांवरची शिवण काढायचीस. मी जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून बघायचो. काय रुबाब होता माझा तेव्हा! मेणाचे पंखे तुम्ही बायका बनवायच्या, ते डहाळीला लावल्यासारखे जोडून झाड करायच्या, त्या झाडावर शेलवाले रेतीचे आठ थर चढवायचे, मेण वितळवून काढलं की पोकळ साचा उरायचा, आणि त्या पोकळीत धातू ओतायचो मी. बाकी सगळं वऱ्हाड, आणि भटजी मी. मी मंगलाष्टका म्हटल्याशिवाय लग्न लागत नव्हतं.

आणि डोळा होता माझा. आहे अजून. खर्डा गावच्या ढेकळातून उठून आलेला, आयटीआय झालेला माणूस मी, पण भट्टीत नुसतं बघून सांगायचो. धातूवरची साय कशी फाटते, कड कशी पांढरी पडते, बघायचो आणि म्हणायचो, "झाला." मोठे साहेब पाहुण्यांना माझ्याजवळ आणायचे, म्हणायचे, हे आमचं थर्मामीटर. ती माणसं हातमोजा काढून हात मिळवायची. मी घरी येऊन तुला सांगायचो आणि तू भाकरी थापताना ऐकायचीस, दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी. ते दिवस चांगले होते.

मग तू लॅबमध्ये गेलीस. मीच पेढे वाटले, खोटं बोलत नाही. पहिल्या महिन्यातच तू नियम काढलास, की प्रत्येक हीटला तापमानाची दांडी बुडवायची आणि आकडा वहीत लिहायचा. मी म्हटलं बुडवा. पहिल्या दिवशी माझ्या अंदाजात आणि दांडीत सहा अंशांचा फरक निघाला, सोळाशेला सहा! मी शेखी मिरवत जेवायला गेलो. तू आकडा वहीत लिहिलास. दुसऱ्या दिवशीही दांडी बुडवलीस, तिसऱ्या दिवशीही. तिथंच पहिल्यांदा जळलो. माझं बरोबर आलं तरी तू विचारणं थांबवत नव्हतीस. मग माझ्या बरोबर येण्याला अर्थ काय राहिला?

आणि तो फळा! आधी नमुन्यात काही कमी निघालं तर लॅबवाला हळूच फोन करायचा, आमचं आम्ही निस्तरायचो. तू भट्टीसमोर फळा लावलास. साचे भट्टीशेजारच्या ओव्हनमध्ये लाल होऊन ओतायची वाट बघतायत, सगळी पाळी कमरेवर हात ठेवून उभी, आणि फळ्यावर खडूनं एक शब्द: 'थांबा'. खाली सही, मोनिका. अगं, त्याच अक्षरात घरी फ्रीजवर लिहिलेलं असतं, कोथिंबीर, साबण, संस्कृतीची फी. घरातलं मी ऐकतो, ते वेगळं. पण वीस माणसांसमोर 'थांबा'? एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात दोनदा झालं. मॉलिब्डेनम कमी. दोन टक्के पाहिजे, एक पूर्णांक आठ निघालं. चूक बरोबर पकडली होतीस, मूठभर मॉली टाकून निस्तरलीही. पण कल्याण ओरडला, "बिभीषणराव, घरात मीठ कमी पडलं तर वहिनीला बोलता, आता वहिनी तुमाला बोलतीया." सगळे हसले. तूसुद्धा खिडकीत हसलीस. तुझं हसू चेष्टेचं नव्हतं, तरी नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्या.

लहानसहान तर किती सांगू. महिला दिनाला तुला शाल-श्रीफळ आणि ती काचेची ट्रॉफी मिळाली. तू ती शोकेसमध्ये ठेवलीस, माझ्या उत्कृष्ट कामगाराच्या कपापुढे. दुसऱ्या दिवशी तू आंघोळीला गेल्यावर मी ती मागं सरकवली. तू परत पुढं आणली नाहीस. तुला कळलं होतं ना? आणि संस्कृतीचा निबंध. 'माझी आई लोखंडाच्या पोटात काय आहे ते ओळखते. पप्पा भट्टीवर असतात.' बस, एवढंच. पप्पा भट्टीवर असतात. जसं दूध फडताळात असतं. वीस वर्षांच्या नोकरीचं पोरीनं पाच शब्दांत... जाऊ दे, चारसुद्धा नाहीत, आता मोजले. मी तिला शाबास म्हटलं आणि बाहेर जाऊन उगाच गाडी धुतली.

आता डब्याचं सांगतो. नीट वाच, कारण हे तुला ठाऊक नाही. ओतायच्या आधी भट्टीतून चमचाभर धातू काढून आम्ही पेढ्याएवढं बटण पाडतो आणि चिठ्ठीसोबत तुझ्याकडे पाठवतो. तू ते घासतेस, मशीनवर ठिणगी पाडून बघतेस, मग त्याच्यावर नंबर ठोकतेस आणि कपाटात जपून ठेवतेस. पण साच्याला घरं दोन असतात. एक बटण तुझ्याकडं येतं, दुसरं बिननंबरी उरतं, ते आम्ही परत भट्टीत टाकतो. एप्रिलनंतर मी ते टाकणं बंद केलं. ज्या हीटला तुझा रिपोर्ट फर्स्ट क्लास यायचा, त्या हीटचं उरलेलं बटण मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचो, लॉकरमध्ये. आठ जमली होती. कशासाठी, हे मी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. नुसतं बरं वाटायचं, की डब्यात आठ वेळा मी बरोबर आहे.

बारा मेला चारशे अठरा लागली. पुण्याच्या पार्टीचे खाऱ्या पाण्याच्या पंपांचे साठ पंखे, तीनशे सोळाचा माल, मॉली असलेलं न गंजणारं स्टील. चार्ज मी स्वतः जोखून टाकला होता, निम्मा नवा माल, निम्मं तीनशे सोळाच्या पिंपातलं रिटर्न, कापलेल्या दांड्या वगैरे. धातू असा सुरेख झाला होता म्हणून सांगू! कड पांढरी, साय फाटलेली. मोठे साहेब पाहुणे घेऊन मागंच उभे होते. फळ्याकडे बघितलं आणि मनात आलं, आज जर इथं 'थांबा' आलं तर मी मेलो. मला खात्री होती की माल बरोबर आहे. शंभर टक्के खात्री. मग दहा मिनिटं बायकोच्या परवानगीची वाट बघून वर 'थांबा' कशाला ऐकायचं? चमचा भट्टीत बुडवला, साच्यात ओतल्यासारखं केलं, आणि तुझ्याकडे पाठवलं डब्यातलं बटण. फळ्यावर 'ओता' आलं. मी ओतलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, तू म्हणालीस आज स्वारी खुशीत आहे.

पिंप चुकलं होतं मोनिका. आदल्या पाळीला कुणीतरी मॉली नसलेल्या तीनशे चारच्या दांड्या तीनशे सोळाच्या पिंपात ओतल्या होत्या. दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्हींना चुंबक सारखाच नाही म्हणतो. माझा डोळा ताप ओळखतो, रंग ओळखतो, पण मॉलिब्डेनम ओळखत नाही. कुणाचाच ओळखत नाही. म्हणूनच तर तुला तिथं बसवलंय. एवढी साधी गोष्ट समजायला मला साठ पंखे घालवावे लागले. खरं बटण पाठवलं असतं तर तू 'थांबा' लिहिलं असतंस, मी चार शिव्या मनात घातल्या असत्या, आणि माल वाचला असता.

जूनमध्ये पार्टीनं पिस्तुलासारखं ते यंत्र पंख्यांना लावलं आणि मॉली निघालं एक पूर्णांक एक. मग तुझ्या कपाटातलं चारशे अठराचं बटण काढून परत बघितलं, तर ते दोन पूर्णांक तीन, टकाटक. नंबर ठोकलेला तुझ्या हातचा. मग सगळ्यांनी हिशेब लावला, की खिडकीच्या ट्रेमध्ये आधीच्या हीटचं बटण पडलेलं असणार, मॅडमनी तेच घासलं. मीटिंगला तुला मध्ये बसवलं होतं. तू एवढंच म्हणालीस, "साहेब, मी घेतलं तेव्हा बटण कोमट होतं. मला हाताला आठवतंय. ट्रेमधलं जुनं असतं तर गार असतं." सुमंत साहेब चांगले आहेत, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. ते म्हणाले, महिनाभरापूर्वीचं हाताला कसं आठवेल, मॅडम? मग तू माझ्याकडं बघितलंस. मी भट्टीवाला. मीच एकटा सांगू शकत होतो. साहेबांनीही विचारलं, "बिभीषण, बटण पाठवलं होतं ना?" मी म्हटलं, "पाठवलं होतं." शब्द खरा होता बघ. असला खरा शब्द कुणाच्या वैऱ्याच्या तोंडी नको.

आणि हे आता लिहायला हात जड झालाय, तरी लिहितो. तू मान खाली घातलीस तेव्हा मला बरं वाटलं. भीती वाटली, लाज वाटली, पण सगळ्यात आधी बरं वाटलं. चुकली म्हटलं एकदाची. सहा वर्षांत एकदा तरी फळ्यावर तिच्या नावानं 'थांबा' आलं. आपल्याच ताटातलं अन्न नासलं आणि मी मिटक्या मारत होतो. यापेक्षा नीच माणूस तुला माहीत असेल तर मला कळव.

पुढचं मी रोज डोळ्यांनी बघितलं. तू दाराचं कुलूप लावून जिन्याच्या पायऱ्या उतरायचीस, परत वर जाऊन ओढून बघायचीस. कुकरच्या शिट्ट्या मला विचारायचीस, दोन झाल्या का तीन. संस्कृतीचा डबा भरून परत उघडायचीस. लॅबमध्ये एकेक बटण तीनदा घासायला लागलीस, आणि फळ्यावर 'ओता' लिहायला तुझा हात उचलेना. भट्टी ताटकळायची, लोक कुरकुरायचे, आणि मी, ज्याला दहा मिनिटं सोसत नव्हती, तो वीस वीस मिनिटं गप उभा राहायचो. मग एक दिवस म्हणालीस, आवणीला मदत होईल, माहेरी जाऊन येते, आणि आता या कामात माझं मन नाही. तारकपूर स्टँडवर एसटीत बसवलं तुला. तू खिडकीतून म्हणालीस, भट्टीवर जपून राहा. मी मान हलवली. गाडी सुटेपर्यंत सांगू शकत होतो. पाणी प्यायलो आणि घरी आलो.

अठरा दिवस झाले. तुझ्या जागी पुण्याहून एक पोरगा आणलाय. तो फळ्यावर काही लिहीत नाही, भट्टीजवळ येतो आणि विचारतो, काका, तुम्हाला काय वाटतं? सहा वर्षं ज्यासाठी तडफडलो तेच. मला काय वाटतं! पहिल्या दिवशी छाती फुगली. दुसऱ्या दिवशी मीच दांडी दोनदा बुडवली. खरं सांगतो, मोनिका, मी फळ्याकडं बघत राहायचो. तो पोरगा 'ठीक आहे' म्हणतो आणि माझा विश्वास बसत नाही. तुझं 'ओता' आलं की बसायचा, हे मला माहीतच नव्हतं. धड आनंदानं जळताही येईना आणि तुझ्याशिवाय ओतताही येईना, असं झालं.

म्हणून आज सकाळी दहा वाजता डबा उचलला आणि सुमंत साहेबांच्या टेबलावर ठेवला. सात बटणं आहेत आत, आठवं तुझ्या कपाटात. सगळं सांगितलं, एका कागदावर लिहून दिलं, खाली सही केली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "मॅडमच्या हातून असं होणार नाही असं मला वाटतच होतं." आणि काय सांगू तुला, माझी नोकरी त्या टेबलावर पडलेली, चौकशी लागणार, भट्टीचं दार बंद झालेलं, आणि तेव्हासुद्धा मी जळलो! म्हटलं, माझ्याबद्दल असं कुणी म्हणेल का, की बिभीषणच्या हातून हे होणारच नाही? या रोगाला औषध नाही बहुतेक. तू आलीस, परत लॅबमध्ये बसलीस, की मी परत जळेन. आता तर घरात बसून जळेन, तू पगार आणशील आणि मी शिट्ट्या मोजीन. तरी ये. तुला आधी विचारलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, जाऊ द्या, तुमची नोकरी महत्त्वाची, मी कागद देते लिहून. तू तसं म्हणायच्या आधीच मी ते दार लावून टाकलं. साहेब तुला परवा फोन करतील, पण त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

कंपनीच्या कागदावर एवढंच आलं. एक गोष्ट त्या कागदात नाही, ती तुझी आहे, आणि तिच्यासाठीच हे पत्र. मीटिंगच्या त्या संध्याकाळी तू ओट्याशी उभी होतीस. पाठ माझ्याकडे. हातात काही नव्हतं, तरी बोटं एकमेकांवर घासत होतीस. मग न वळता विचारलंस, "अहो, बटण कोमट होतं ना हो? का मला नुसतं वाटलं तसं?" आणि मी, टीव्हीचा आवाज कमी न करता, म्हणालो, "वाटतं कधी कधी माणसाला." तू 'हं' म्हणालीस. त्या दिवसापासून तू स्वतःच्या हातांना विचारणं बंद केलंस. साठ पंखे पुन्हा ओतता येतील, नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण ते एक उत्तर मी चुकीचं दिलं, ते आज बरोबर करून देतो. डब्यातलं बटण गार होतं, मोनिका. गार बटण पाठवलं तर तुला लगेच कळेल, एवढी मला तुझ्या हातांची खात्री होती. म्हणून मी ते भट्टीच्या कडेवर ठेवून आधी तापवलं, पाण्यात बुडवलं, आणि मग तुझ्याकडं पाठवलं. कोमट होतं. तुझ्या हाताला बरोबर आठवत होतं.

तुझाच,
बिभीषण